निर्मानं सर्फला घाम फोडला, मग व्हील आलं : कंपन्या मार्केटिंगची स्ट्रॅटेजी नेमकी कशी ठरवतात?

ऐंशीच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्ही होता, त्यांना ललिताजी नक्की आठवत असतील. भाजीवाल्याशी पैशा-पैशावरून घासाघीस करणारी, पण कपड्यांसाठी मात्र महागडा सर्फच घेणारी ही बाई. स्वस्त वस्तू घेणं आणि चांगली वस्तू घेणं यात फरक असतो, हे ती ठणकावून सांगायची. लिंटास एजन्सीच्या अलीक पदमसींनी ही जाहिरात केली होती आणि ललिताजी साकारली होती कविता चौधरी यांनी. भारतातल्या सगळ्यात गाजलेल्या जाहिरातींची यादी काढली की आजही तिचं नाव येतं.

पण मुळात एवढ्या मोठ्या कंपनीला असं ठणकावून सांगायची वेळ का आली होती?

कारण समोर होती प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीत मिळणारी एक पिवळी पावडर. तिच्यामागे ना परदेशी कंपनी होती, ना एमबीए झालेल्यांची फौज. तरीही १९५९ पासून भारतीय बाजारात पाय रोवून बसलेल्या सर्फचे ग्राहक ती पळवत होती. ललिताजी लोकांना आवडली, पण नुसत्या जाहिरातीनं काम भागणार नाही हे हिंदुस्थान लीव्हरच्या लवकरच लक्षात आलं. त्यानंतर कंपनीनं जे केलं, ते मार्केटिंगच्या वर्गांत आजही शिकवलं जातं.

स्ट्रॅटेजी म्हणजे जाहिरात नव्हे

मार्केटिंग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जाहिरात येते, सेलिब्रिटी येतो, फार तर इन्स्टावरची रील येते. कंपनीच्या दृष्टीनं हा सगळा शेवटचा टप्पा असतो. त्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं शोधावी लागतात. बाजारात कोणकोणत्या प्रकारचे ग्राहक आहेत? त्यातले आपण कोणाच्या मागे जायचं? आणि त्यांच्या डोक्यात आपली कोणती एक गोष्ट बसवायची? पुस्तकी भाषेत याला सेगमेंटेशन, टार्गेटिंग आणि पोझिशनिंग म्हणतात.

ही उत्तरं मिळाली की मग ‘फोर पी’ येतात. अमेरिकन प्राध्यापक जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकात ही मांडणी केली आणि पुढे फिलिप कोटलर यांच्या पुस्तकांमुळे ती जगभर पोचली. प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. म्हणजे माल काय, किंमत किती, तो मिळणार कुठं आणि लोकांना कळणार कसा. यातली खरी गोम अशी की हे चारही पाय एकमेकांना बांधलेले असतात. किंमत कमी केली, तर माल बनवण्याचा खर्च उतरवावा लागतो. खर्च उतरवायचा तर कारखाना, पॅकिंग, वाहतूक सगळंच बदलावं लागतं. एकच पाय हलवला की खुर्ची डुगडुगते.

आता हे निर्माच्या गोष्टीत बघू.

अहमदाबादचा सायकलवाला केमिस्ट

करसनभाई पटेल हे गुजरात सरकारच्या खनिज खात्यात केमिस्ट होते. १९६९ मध्ये त्यांनी घरामागच्या छोट्याशा जागेत डिटर्जंट पावडर बनवायला सुरुवात केली. नोकरी सांभाळून ते सायकलवरून दारोदार पिशव्या विकायचे. पावडरला नाव दिलं आपल्या मुलीच्या, निरुपमाच्या नावावरून. निर्मा.

तेव्हा नामांकित पावडर तेरा रुपये किलोच्या आसपास होती. निर्मा मिळायची साधारण तीन-साडेतीन रुपयांना. म्हणजे जवळपास चौपट फरक.

एवढी स्वस्ताई आली कुठून? पावडर हातानं मिसळली जायची, त्यामुळे महागड्या यंत्रांचा खर्च नव्हता. सोडा ॲशचं प्रमाण भरपूर होतं, सुगंधाचे लाड नव्हते. पॅकिंग म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी, पुठ्ठ्याचा खोका नाही. कपड्यांना आणि हातांना ही पावडर तशी कडकच होती. पण तोवर जे लोक साबणाच्या वड्यांवर कपडे घासत होते, त्यांच्यासाठी तुलना सर्फशी नव्हतीच, तुलना त्या वडीशी होती. आणि वडीपेक्षा पावडर सोपी होती.

इथंच सेगमेंटेशन आलं. करसनभाईंनी हा शब्द वापरला असेल-नसेल, पण सर्फ ज्यांना परवडत नव्हता ती अख्खी बाजारपेठ त्यांना रिकामी दिसली. जिंगल आणि पांढऱ्या फ्रॉकमध्ये गिरकी घेणारी मुलगी त्यानंतर आली. रेडिओ आणि टीव्हीवर ती इतकी वाजली की पोराटोरांनाही पाठ झाली. पण ती वाजली तेव्हा मागे किंमत, माल आणि दुकानं ही तिन्ही कामं झालेली होती.

‘ते आपले ग्राहकच नाहीत’

हिंदुस्थान लीव्हरची सुरुवातीची भूमिका थोडक्यात अशी होती की निर्मा घेणारा माणूस आपला ग्राहकच नाही, तर त्याची काळजी आपण कशाला करायची? कागदावर हे चूक वाटत नाही. प्रीमियम ब्रँड, चांगला नफा, शहरी मध्यमवर्ग. गडबड एवढीच होती की ‘आपला नसलेला’ हा ग्राहक कोट्यवधींच्या संख्येनं होता. आणि सर्फ घेणाऱ्या घरांनाही प्रश्न पडायला लागला होता की रोजचे कपडे निर्मात आणि चांगले कपडे सर्फमध्ये धुतले तर काय बिघडलं?

मग कंपनीत एक मोहीम सुरू झाली. तिचं नाव होतं ‘स्टिंग’, म्हणजे डंख. निर्माची वाढ रोखण्याची रणनीती अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जुळवून ते बनवलं होतं. त्यातून ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात व्हील ही पावडर आली.

व्हील म्हणजे सर्फचं स्वस्त रूप नव्हतं. कंपनीनं उलट दिशेनं हिशेब केला. आधी किंमत किती असायला हवी ते ठरवलं आणि त्या किमतीत बसेल असा माल तयार केला. गरीब घरांतले कपडे नदीवर, विहिरीवर, सार्वजनिक नळावर धुतले जातात हे गृहीत धरून पावडरचं मिश्रण बदललं. उत्पादन एका मोठ्या कारखान्यात न ठेवता विखुरलं. गावखेड्यातल्या हजारो छोट्या दुकानांपर्यंत माल नेणारी वेगळी साखळी उभी केली. आणि सांगायचा मुद्दा हेरला तो निर्माच्या दुखऱ्या जागेवरचा : स्वस्त पावडरनं होणारी हातांची आग.

याचा परिणाम काय झाला, ते सी. के. प्रल्हाद आणि स्टुअर्ट हार्ट यांनी २००२ मधल्या आपल्या गाजलेल्या लेखात आकड्यांत मांडलं. व्हीलवर ढोबळ नफा १८ टक्के, सर्फवर २५ टक्के. इथपर्यंत वाचलं तर सर्फच सरस वाटतो. पण गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा बघितला तर सर्फचा २२ टक्के, व्हीलचा ९३ टक्के आणि निर्माचा तब्बल १२१ टक्के!

हे कसं शक्य आहे? साधं आहे. व्हील आणि निर्मामध्ये कारखान्यात, गोदामात, उधारीत पैसा कमी अडकत होता आणि माल झपाट्यानं फिरत होता. आपल्या कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याचा हिशेब असाच असतो. एका वड्यामागे सुटतात थोडेच, पण सकाळी घातलेला पैसा संध्याकाळी परत गल्ल्यात. ‘गरिबांच्या धंद्यात नफा नाही’ हा कॉर्पोरेट समज या आकड्यांनी चांगलाच हलवला.

तेव्हापासून कंपनीची मांडणी पक्की झाली. वर सर्फ, मध्ये रिन, खाली व्हील. ग्राहक कुठल्याही पायरीवर असला तरी पैसा एकाच घरात.

हे सगळं कंपनीत करतं कोण?

इथं थोडं मागे, १९३१ च्या अमेरिकेत जावं लागेल. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकेलरॉय नावाचा तरुण कॅमे या साबणाच्या जाहिरातीचं काम बघत होता. त्याची तक्रार अशी की कंपनीचं सगळं लक्ष आयव्हरी या मोठ्या साबणावर, कॅमेला कोणी वाली नाही. त्यानं तीन पानांचं एक टिपण लिहिलं. प्रत्येक ब्रँडची जबाबदारी स्वतंत्र माणसावर आणि त्याच्या टीमवर द्या, विक्री कुठं पडतेय ते त्यानंच शोधावं, उपाय त्यानंच सुचवावा, गरज पडली तर आपल्याच कंपनीच्या दुसऱ्या ब्रँडशी भिडावं. आजच्या ‘ब्रँड मॅनेजर’ या पदाचा उगम या टिपणात आहे. हे मॅकेलरॉय पुढे कंपनीचे प्रमुख झाले आणि नंतर थेट अमेरिकेचे संरक्षणमंत्री. साबणाची लढाई लढून तिथं पोचलेला बहुधा एकमेव माणूस.

ब्रँड मॅनेजरचं वर्ष साधारण ठरलेलं असतं. आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे पुढच्या वर्षाच्या प्लॅनची जुळवाजुळव काही महिने आधीच सुरू होते. टेबलावर येतं काय? गेल्या वर्षी कुठल्या राज्यात, कुठल्या पॅकची विक्री किती झाली. दुकानांच्या सर्वेक्षणातून कळलेला बाजारातला वाटा. शंभर दुकानांपैकी किती दुकानांत आपला माल आहे. शंभर घरांपैकी किती घरांत तो वर्षातून एकदा तरी जातो. शिवाय लोकांच्या घरी जाऊन, न्हाणीघरात डोकावून केलेलं संशोधन. बाई पावडर चमच्यानं घालते की मुठीनं, बादली किती लिटरची, पाणी खारं की गोडं, इथपर्यंत माहिती गोळा केली जाते.

या ढिगातून एका प्रश्नाचं उत्तर काढायचं असतं. वाढ येणार कुठून? जे आपला माल वापरतच नाहीत त्यांच्याकडून, जे वापरतात त्यांनी जास्त वापरल्यामुळे, की शेजारच्या ब्रँडचे ग्राहक ओढून? प्रश्न एका ओळीचा आहे, पण अख्खं बजेट त्यावर ठरतं. नवा ग्राहक हवा असेल तर छोटा पॅक आणि नवी दुकानं लागतात. जुन्यानं जास्त वापरावं असं वाटत असेल तर मोठा पॅक आणि सूट. दुसऱ्याचा ग्राहक ओढायचा असेल तर तुलना, चव-चाचणी, फुकट नमुने. ज्या प्लॅनमध्ये या तिन्हींवर थोडा थोडा पैसा टाकलेला असतो, तो बहुतेकदा कोणाला नाराज न करण्यासाठी बनवलेला असतो.

प्लॅन मंजूर झाला की एका बाजूला जाहिरात एजन्सी आणि मीडिया एजन्सी कामाला लागतात, दुसऱ्या बाजूला सेल्स. आणि खरी परीक्षा सेल्सच्या रस्त्यावर होते. कंपनीकडून माल डेपोत, तिथून स्टॉकिस्टकडे, स्टॉकिस्टचा सेल्समन ठरलेल्या दिवशी ठरलेल्या ‘बीट’वर, आणि शेवटी किराणा दुकान. दुकानदाराचे प्रश्न रोकडे असतात. मार्जिन किती, स्कीम काय, उधारी किती दिवसांची, एक्स्पायरी झालेला माल परत घेणार का? मुंबईतल्या ऑफिसात बनलेली सुंदर स्ट्रॅटेजी दुकानदारानं माल मागच्या फळीवर ठेवला की तिथंच संपते. टीव्हीवर जाहिरात सुरू आणि दुकानात माल नाही, याहून वाईट काही नाही. पैसा आपण खर्च करायचा आणि दुकानदार ग्राहकाच्या हातात शेजारचा ब्रँड देणार.

जिथं स्टॉकिस्टची गाडी पोचत नाही, तिथं काय? हिंदुस्थान लीव्हरनं २००० च्या सुमारास तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या नलगोंडा जिल्ह्यात ‘शक्ती’ हा प्रकल्प सुरू केला. बचत गटांतल्या महिलांना माल देऊन त्यांनाच गावातली विक्रेती बनवलं. समाजकार्य म्हणून त्याचं कौतुक झालं, आणि कौतुक करण्यासारखं त्यात आहेही. पण तो ‘प्लेस’ या पायाचा रोखठोक उपायही होता.

किंमत : फक्त आकडा नाही

तमिळनाडूच्या कडलूरमध्ये सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये १५ हजार रुपयांत धंदा सुरू केला आणि ‘चिक’ शॅम्पू पुडीत विकला. बाटली घ्यायला एकदम मोठी रक्कम मोजावी लागते. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला ती जमत नाही. पुडी जमते. पुढे त्यांनी कुठल्याही कंपनीच्या पाच रिकाम्या पुड्या आणा आणि एक चिक फुकट न्या, अशी योजना काढली. लोकांना सवय लागल्यावर अट बदलली : आता पुड्या फक्त चिकच्याच! एका पुडीची किंमतही पुढे ५० पैशांवर आणली. आज किराणा दुकानात लटकणाऱ्या माळा बघितल्या की हा विचार किती लांब गेलाय ते कळतं.

पाच आणि दहा रुपयांचे पॅक यातूनच पवित्र झाले. कच्चा माल महागला तरी पाचाचा पुडा सहाचा होत नाही, कारण सुट्ट्या पैशांच्या घोळात ग्राहक तुटतो. मग आतली बिस्किटं कमी होतात. पुड्यावरचं वजन वाचायची सवय असेल तर हा बदल दिसतो. नसेल तर कंपनीचा प्लॅन यशस्वी झाला असं समजायचं.

पण स्वस्त म्हणजे हमखास यश, असंही नाही. टाटा नॅनो घ्या. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये एक लाखाची कार म्हणून ती दाखवली तेव्हा जगभर बातम्या झाल्या. साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्या बनवू शकेल असा उभारला होता. प्रत्यक्षात सगळ्यात चांगल्या वर्षात, २०११-१२ मध्ये, सुमारे ७४ हजार गाड्या विकल्या गेल्या. कारणं अनेक होती. सिंगूरमधून प्रकल्प हलवण्यात गेलेला वेळ, काही गाड्यांना लागलेल्या आगी, वाढत गेलेली किंमत. पण रतन टाटांनी स्वतः नंतर एक कारण सांगितलं : ‘सगळ्यात स्वस्त’ हा शिक्का. तो लोकांनी मारला आणि मार्केटिंग करताना कंपनीनंही मारला, अशी खंत त्यांनी व्यक्त केली होती.

निर्माची पिशवी मोरीच्या कोनाड्यात असते, ती कोणी बघत नाही. गाडी सोसायटीच्या गेटसमोर उभी राहते. स्कूटरवरून गाडीवर जाणाऱ्या कुटुंबाला पैसे वाचवण्याइतकंच शेजाऱ्यापाजाऱ्यांना ‘गाडी घेतली’ हे सांगायचं असतं. ‘देशातली सगळ्यात स्वस्त गाडी घेतली’ हे कोण सांगेल?

समोरचाही प्लॅन करत असतो

स्ट्रॅटेजीच्या पुस्तकांत एक गोष्ट जरा कमीच सांगितली जाते. तुमचा प्लॅन कितीही चोख असला तरी समोर बसलेला माणूस गप्प बसणार नाही. मार्च २००४ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलनं एरियल आणि टाइडच्या किमती एकदम उतरवल्या, काही पॅक तर जवळपास निम्म्या किमतीला आले. हिंदुस्थान लीव्हरला सर्फच्या किमती कमी कराव्याच लागल्या. ग्राहकांची चंगळ झाली, पण त्या वर्षी लीव्हरचा नफा घसरला. वर्षाच्या सुरुवातीला मंजूर झालेला प्लॅन तिथंच बाजूला पडला.

२०१० च्या फेब्रुवारीत तर रिनच्या जाहिरातीत टाइड नॅचरल्सचं पाकीट उघडउघड दाखवून तुलना केली गेली. प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेलं आणि ती जाहिरात थांबवावी लागली. आपल्याकडे स्पर्धकाशी तुलना करायला बंदी नाही, पण त्याच्या मालाची बदनामी करता येत नाही. या दोन्हींमधली रेष कुठं आहे, यावर कंपन्यांच्या वकिलांची घरं चालतात.

आता मोबाइलवर काय चाललंय?

पूर्वी जाहिरात लागली की ती किती जणांनी बघितली याचा अंदाजच असायचा. आता कोणी बघितली, कुठं थांबला, कशावर बोट ठेवलं, कार्टमध्ये टाकून कोण निघून गेला, हे सगळं कळतं. त्यामुळे बजेटचा मोठा हिस्सा अशा जाहिरातींकडे वळलाय ज्यांचा परिणाम लगेच मोजता येतो. यात एक फसगत आहे. जो माणूस बूट घ्यायला निघालाच होता, त्याला बुटाची जाहिरात दाखवून विक्रीचं श्रेय घेणं सोपं असतं. दहा वर्षं एखादं नाव डोक्यात बसवण्याचं काम मात्र महिन्याच्या अहवालात दिसत नाही. आणि दिसत नाही म्हणून त्याचं बजेट आधी कापलं जातं.

इन्फ्लुएन्सर हा याच हिशेबाचा भाग. पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर ती जाहिरात आहे हे स्पष्ट लिहावं, असे नियम जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था ‘ॲस्की’नं २०२१ मध्ये आणले. केंद्र सरकारनंही जानेवारी २०२३ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक केली तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे एखादी ताई रीलमध्ये ‘मला हे खरंच खूप आवडलं’ म्हणत असेल, तर कोपऱ्यातली बारीक अक्षरं एकदा बघून घ्यायला हरकत नाही.

मग जिंकलं कोण?

व्हीलनं निर्माला मागे टाकलं, आणि पुढे कानपूरहून आलेल्या घडी डिटर्जंटनं व्हीललाही घाम फोडला. पुन्हा तोच डाव : कमी किंमत, साधी पावडर आणि छोट्या गावांतल्या दुकानांवर पकड. करसनभाईंना २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या समूहानं सोडा ॲशपासून सिमेंटपर्यंत हातपाय पसरले आणि २०१६ मध्ये लाफार्जचा भारतातला सिमेंट व्यवसाय सुमारे १.४ अब्ज डॉलर्सना विकत घेतला.

आणि सर्फ? डाग लागले तरी चालतील, असं आईबापांना सांगणारी सर्फ एक्सेलची मोहीम २००५ च्या सुमारास आली. २०२२ मध्ये या एका ब्रँडची वार्षिक विक्री एक अब्ज डॉलर्सच्या पुढे गेली. आता गावातल्या टपरीवर, जिथं एकेकाळी ‘आपला ग्राहक’ नव्हता, तिथं सर्फ एक्सेलची दहा रुपयांची पुडी टांगलेली असते.